खिशातील पिस्तूल आणि न्यूटनचा तिसरा नियम

लहान होडीतून काठावर उडी मारणारा मनुष्य पुढे जातो आणि होडी मागे सरकते. नदीकाठच्या प्रत्येक मुलास हा अनुभव असतो. त्यासाठी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. होडी जड असेल तर ती थोडीच सरकते. हलकी असेल तर उडी मारणारा पाण्यात पडण्याचा संभव अधिक. बंदुकीची गोष्ट याहून निराळी नाही. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते आणि बार काढणाऱ्याच्या खांद्याला धक्का बसतो.

कित्येक शतके हा धक्का म्हणजे निव्वळ उपद्रव समजला जात असे. बार उडताच तोफा चाकांवर मागे घरंगळत आणि गोलंदाज त्यांना ढकलून पुन्हा जागेवर आणीत. या वाया जाणाऱ्या शक्तीला कामाला जुंपण्याची कल्पना प्रथम यशस्वी करून दाखविली ती हायरम मॅक्सिम याने. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये येऊन राहिलेल्या या संशोधकाने १८८४ मध्ये अशी मशीनगन सिद्ध केली की, एका बाराचा धक्काच रिकामी पुंगळी बाहेर फेकी, नवे काडतूस नळीत सारी आणि पुढचा बार उडवी. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरहीन दारू तयार केली. जुन्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून राख व क्षार यांच्या रूपाने मागे उरे. तो नळीत आणि सांध्यांत साचला की नाजूक यंत्र अडे. नव्या दारूने ही अडचण बव्हंशी दूर केली. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील शस्त्रकारांनी स्वयंचलित पिस्तुलांचे जे नाना प्रकारचे नमुने घडविले, त्यांतील काही आज संग्रहालयाच्या कपाटात पाहिले तर हे यंत्र चालत तरी कसे असेल, असा प्रश्न पडतो. ती चालत असत. काही उत्तम चालत, काही कशीबशी. पण त्या सर्वांपुढचा प्रश्न एकच होता, आणि तो शक्तीचा नसून वेळेचा होता.

बार उडाल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी काळ जातो. तेवढ्या अवधीत नळीतील तप्त वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमच्या वर चढतो आणि उतरतो. काडतुसाची पुंगळी पातळ पितळेची असते. हा दाब तिला सोसतो तो केवळ बाजूंनी नळीच्या पोलादाचा आणि मागून एखाद्या भक्कम ठोकळ्याचा आधार असतो म्हणून. नळीचे मागचे तोंड क्षणभर जरी लवकर उघडले, तर पितळ फाटून वायू आणि तुकडे बार काढणाऱ्याच्या हातावर व तोंडावर यावयाचे. पण ते उघडावयास तर हवेच. त्याखेरीज रिकामी पुंगळी निघणार कशी आणि दुसरे काडतूस आत जाणार कसे? म्हणून हे दार सहस्रांश सेकंदापुरते मिटून राहावे आणि मग आपोआप उघडावे, अशी योजना करणे भाग होते. मॅक्सिमची मशीनगन जमिनीवर टेकलेली, मणावारी वजनाची. तीत कुलपे, कड्या, तरफा हव्या तितक्या बसविता येत. खिशात मावणाऱ्या पिस्तुलात मात्र तळहाताएवढी जागा आणि अर्धा किलोग्रॅमच्या आसपास वजन. सगळी चतुराई तेवढ्यात बसवावयाची.

तत्पूर्वी हातानेच सारे करावयाच्या युक्त्याही थोड्या झाल्या नव्हत्या. जाक त्युर्बिओ या फ्रेंच गृहस्थाने १८८२ मध्ये चपट्या गोल डबीसारखे एक पिस्तूल काढले. डबी तळहातात धरावयाची, आखूड नळी दोन बोटांमधून बाहेर काढावयाची आणि मूठ आवळावयाची, की बार झाला. काडतुसे डबीत चाकाच्या आऱ्यांप्रमाणे रचलेली असत. बोहेमियातील शस्त्रकार चापाच्या जागी बोट अडकविण्याची कडी बसवीत. कडी पुढे ढकलली की पिस्तूल उघडे, मागे ओढली की काडतूस आत जाऊन बार उडे. यंत्र म्हणून या वस्तू मनोरंजक आहेत. पण बाराच्या शक्तीचा उपयोग त्यांत नाही, म्हणून त्यांना येथेच निरोप देणे बरे.

वेळेचा प्रश्न किती वाटांनी सोडविता येतो याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे २० एप्रिल १८९७ हा दिवस. त्या एका दिवशी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने युटा प्रांतातील ऑग्डेन गावचा शस्त्रकार जॉन मोझेस ब्राउनिंग याला स्वयंचलित पिस्तुलांची चार पेटंटे दिली. आणि त्या चारांत प्रत्येकाची यंत्ररचना वेगळी होती. पहिल्यात नळीच्या तोंडाजवळ एक बारीक छिद्र होते. गोळी तेथून पुढे गेली की वायूचा झोत त्या छिद्रातून निघून एका तरफेला धडक देई. ती तरफ नळीवरून कमानीसारखी उचलली जाऊन मागे पडे आणि पिस्तूल उघडे. ही कल्पना ब्राउनिंगला १८८९ मध्ये सुचली, असे सांगतात. नेमबाजी चालू असता बाराच्या झोताने समोरचे गवत झुकताना त्याने पाहिले आणि हा झोत फुकट जातो आहे हे त्याच्या ध्यानी आले. मशीनगनमध्ये ती त्याने उत्तम रीतीने वापरली. पिस्तुलात मात्र डोळ्यांसमोर फडकन् उठणारी तरफ कोणाला आवडणार? १८९५ चा तो नमुना नमुनाच राहिला.

दुसऱ्या पेटंटात नळीवरील कंगोरे वरच्या सरकत्या आवरणात अडकलेले असत. बार उडताच नळी आणि आवरण एकमेकांना धरून थोडे मागे येत. मग नळी दोन कड्यांवर झोपाळ्यासारखी खाली उतरे, कंगोरे सुटत आणि आवरण एकटे मागे जाई. मोठ्या लष्करी पिस्तुलांचा राजमार्ग पुढे हाच ठरला. तिसऱ्यात नळी खाली न उतरता स्वतःभोवती फिरून मोकळी होई. आणि चौथ्यात काहीच नव्हते: कुलूप नाही, कडी नाही, फिरणारी नळी नाही. नळी सांगाड्याला पक्की बसविलेली आणि तिच्या मागे स्प्रिंगने दाबून धरलेला एक सरकता पोलादी ठोकळा. दार मिटून ठेवण्याचे सारे काम केवळ त्या ठोकळ्याच्या जडत्वावर सोपविलेले होते.

वाचणाऱ्यास हे धाडस वाटेल. परंतु होडीचे उदाहरण पुन्हा आठवून थोडे गणित केले, तर त्यातील सुरक्षितता दिसून येते. ब्राउनिंगने या पिस्तुलासाठी काडतूसही नवे योजिले होते. त्याचा व्यास ७.६५ मिलिमीटर, गोळीचे वजन सुमारे ४.६ ग्रॅम आणि वेग सेकंदास सुमारे २८० मीटर. सरकता ठोकळा आणि त्यास जोडलेले आवरण मिळून २५० ग्रॅमचे आहे असे धरू. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, दोन्ही बाजूंस सारखा असावयास हवा. तेव्हा ठोकळ्याचा वेग निघतो सेकंदास सुमारे ५ मीटर. आणि गोळी नळीतून १० सेंटिमीटर पुढे जाते तेवढ्या वेळात ठोकळा किती मागे सरकतो? त्याच प्रमाणात, म्हणजे दोन मिलिमीटरांहूनही कमी. तितक्यात पुंगळीचा बुडाकडील जाड भाग जेमतेम बाहेर डोकावतो, पातळ भाग नळीतच सुरक्षित राहतो. गोळी बाहेर पडली, दाब ओसरला, पण ठोकळ्याला मिळालेली गती कायम आहे. तिच्या बळावर तो सबंध मागे जातो, पुंगळी फेकतो, स्प्रिंग दाबतो आणि परतताना नवे काडतूस आत सारतो.

हेच गणित १९०२ च्या सुमारास आलेल्या ९ मिलिमीटर पॅराबेलम या लष्करी काडतुसास लावून पाहावे. गोळी सुमारे ८ ग्रॅमची, वेग सेकंदास सुमारे ३५० मीटर. संवेग दुपटीहून अधिक झाला. ठोकळ्याचा वेग तोच राखावयाचा तर त्याचे वजन अर्धा किलोग्रॅमच्या पुढे न्यावे लागेल, आणि मग ते पिस्तूल खिशात कोण बाळगणार? यावरून ब्राउनिंगची खरी हुशारी कोठे होती ते कळते. त्याने यंत्र काडतुसाला जुळविले नाही. काडतूस आणि यंत्र ही दोन्ही एकमेकांसाठी घडविली. इतर शस्त्रकार कुलपे शोधीत असता त्याने कुलपाची गरजच पडणार नाही इतके सौम्य काडतूस निवडले.

बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या एर्स्ताल येथील एफ. एन. कारखान्याने हे पिस्तूल १८९९ पासून बनविण्यास आरंभ केला. १९०० चे मॉडेल या नावाने ते प्रसिद्ध पावले आणि सात लाखांहून अधिक खपले. त्यात नळीच्या वर बसविलेली एकच स्प्रिंग ठोकळा परत आणण्याचे आणि काडतुसावर आघात करणारी टाचणी पुढे ढकलण्याचे अशी दोन्ही कामे करी. सात काडतुसे मावणारे, सव्वासहाशे ग्रॅम वजनाचे हे चपटे यंत्र कोटाच्या खिशात सहज लपत असे, आणि त्याचे परिणाम लवकरच दिसून आले. १९०४ मध्ये हेलसिंकी येथे रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह आणि १९०९ मध्ये हार्बिन स्थानकावर जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमी हे याच मॉडेलच्या पिस्तुलांना बळी पडले. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांच्यावर झाडले गेलेले पिस्तूल त्याच कारखान्याचे, ब्राउनिंगच्याच रचनेचे, १९१० चे मॉडेल होते. त्या हत्येनंतर महिना-सव्वामहिन्यात युरोप महायुद्धात ओढला गेला. आयुष्यभर यंत्रे घडविणारा हा मनुष्य १९२६ मध्ये एर्स्तालच्या कारखान्यात काम करीत असतानाच निवर्तला.

सरळ जडत्वाची वाट एकट्या ब्राउनिंगलाच सापडली होती असे नाही. जर्मनीतील गागेनाउ येथील थिओडोर बेर्गमान याच्या कारखान्यात लुई श्माइसर हा रचनाकार १८९४ पासून त्याच मार्गाने जात होता. त्याच्या आरंभीच्या पिस्तुलांतील काडतुसांना बुडाशी काठही नसे आणि खाचही नसे. कारण रिकामी पुंगळी ओढून काढणारी आकडीच पिस्तुलात ठेवलेली नव्हती. उरलेला वायूच पुंगळीला मागे ढकली आणि ती खालच्या काडतुसावर आपटून बाहेर उडे. एक भाग वाचला खरा. पण एखादे काडतूस फुसके निघाले आणि उडालेच नाही, तर ते बाहेर काढावयाचे कसे? शिवाय पुंगळी कोणत्या दिशेला उडेल याचाही नेम नसे. थोड्याच काळात काडतुसाला खाच आणि पिस्तुलाला आकडी आली.

काही संशोधकांना केवळ जडत्वावर विसंबणे पसंत नव्हते. अमेरिकेत एल्बर्ट सर्ल याने सॅव्हेज कंपनीसाठी रचलेले १९०७ चे खिशातील पिस्तूल यांपैकी होते. त्याची नळी मागे येताना सुमारे पाच अंशांतून फिरे आणि मगच ठोकळा सुटे. नळीच्या आतील मळसूत्री आट्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरते. तिची प्रतिक्रिया नळीला उलट दिशेने पिळते आणि ती पिळच गोळी बाहेर पडेपर्यंत दार मिटून धरते, असा निर्मात्यांचा दावा होता. कल्पना मोहक आहे आणि तिसऱ्या नियमाला धरूनही आहे. पण केवढ्या प्रमाणात? साडेचार ग्रॅमच्या, आठ मिलिमीटरही जाड नसलेल्या गोळीला फिरविण्यास लागणारी पिळ अतिशय क्षीण असते. ठोकळ्याला मागे रेटणाऱ्या प्रचंड दाबापुढे तिचा पाड लागत नाही. तात्पर्य, सॅव्हेजचे पिस्तूल चाले ते मुख्यतः ब्राउनिंगच्याच जडत्वाच्या नियमाने. ते उत्तम चाले, हे मात्र सांगितलेच पाहिजे. त्याच्या मुठीत काडतुसे दोन रांगांत एकाआड एक बसविलेली असल्याने दहा मावत. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती.

जॉन पेडरसन याची युक्ती याहून खरी होती. रेमिंग्टन कंपनीने १९१८ पासून विक्रीस आणलेल्या ५१ क्रमांकाच्या मॉडेलात ठोकळा आणि बाहेरचे आवरण हे दोन वेगळे भाग होते. बार उडताच दोन्ही मिळून काही अंतर मागे येत. लगेच ठोकळा सांगाड्यातील एका पायरीवर अडून थांबे. पुंगळी तेथल्या तेथे दाबून धरलेली, आवरण मात्र मिळालेल्या गतीने मागे चाललेले. पुरेसे मागे गेल्यावर ते ठोकळ्याला उचलून पायरीवरून सोडवी आणि बरोबर घेऊन जाई. धावत्या गाडीतून उतरलेला प्रवासी क्षणभर थबकून पुन्हा गाडी पकडतो तसाच हा प्रकार. यामुळे आवरण हलके ठेवता आले, पिस्तूल सडपातळ झाले आणि हाताला बसणारा धक्काही सौम्य वाटे. परंतु भाग अधिक, कारागिरी अधिक, म्हणून किंमतही अधिक. १९२० नंतरच्या दशकात सुमारे ६५,००० नग निघून त्याचे उत्पादन थांबले. २०१४ मध्ये याच तत्त्वावर नव्याने काढलेले आर-५१ हे पिस्तूल दोषांमुळे बाजारातून परत मागवावे लागले, यावरून पेडरसनच्या रचनेत अचूक मोजमापांवर किती अवलंबून होते याची कल्पना येते.

आता राहिली ती सर्वांत विलक्षण रचना. नळी आणि ठोकळा यांनी एकमेकांपासून दूर व्हावयाचे, एवढेच जर साधावयाचे आहे, तर दर वेळी ठोकळ्यानेच का मागे जावे? ठोकळा स्थिर ठेवून नळीच पुढे का जाऊ नये? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य ऑस्ट्रियाच्या फेर्डिनांड रिटर फॉन मान्लिखर याने दाखविले. तो मूळचा रेल्वे इंजिनियर. त्याच्या १८९४ च्या पिस्तुलात मागची भिंत सांगाड्याशी एकजीव होती आणि नळी तिच्यापुढे मोकळी सरकत असे. आट्यांत घट्ट बसलेली गोळी पुढे जाताना घर्षणाने नळीलाही आपल्याबरोबर ओढी. नळी स्वतःभोवतीची स्प्रिंग दाबीत पुढे जाई. पुंगळी मागे भिंतीशीच राही आणि बाहेर पडे. परतणारी नळी नव्या काडतुसावर जाऊन बसे. ते पिस्तूल खिशातले नव्हते. खिशात ही रचना आणली ती आंद्रेआस श्वार्त्सलोजे याने, १९०८ मध्ये बर्लिन येथे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने स्वीकारलेल्या मशीनगनचा हाच निर्माता. त्याचे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल ब्राउनिंगचेच काडतूस वापरी.

कागदावर या रचनेचे लाभ मोठे होते. बार काढणाऱ्याच्या तोंडाकडे कोणताच भाग धावून येत नाही. मागे ठोकळ्यासाठी मोकळी जागा सोडावी लागत नाही. त्यामुळे पिस्तूल आखूड ठेवूनही नळी पुरेशी लांब मिळते. भाग थोडे आणि भिंत भक्कम. मग ती का मागे पडली?

कारण होडीत बसलेल्याला लगेच उमगेल. होडीतून एकाने पुढे दगड फेकला तर होडी मागे सरकते. त्याच क्षणी दुसऱ्या गड्यानेही पुढे उडी घेतली तर ती आणखी जोराने मागे जाते. गोळी हा दगड आणि नळी हा दुसरा गडी. ब्राउनिंगच्या पिस्तुलात गोळीची प्रतिक्रिया आधी ठोकळा घेतो आणि स्प्रिंगच्या द्वारे ती हातापर्यंत सावकाश पोहोचवितो. श्वार्त्सलोजेच्या पिस्तुलात सांगाडाच भिंत असल्याने गोळीची प्रतिक्रिया हातावर थेट येते, आणि तीत पुढे जाणाऱ्या नळीच्या प्रतिक्रियेची भर पडते. नंतर नळी थांबते तेव्हा सांगाड्याला पुढे हिसका बसतो, पण तोवर हात दुखावयाचा तो दुखलेला असतो. हे पिस्तूल हाताला फार झटके देते अशी त्याची ख्याती होती, ती यामुळे.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ठोकळ्याला मागे लोटणारा वायूचा दाब प्रचंड आणि भरवशाचा असतो. नळीला पुढे ओढणारे घर्षण त्या मानाने दुबळे आणि लहरी. गोळी किंचित सैल असली, नळीत तेल अधिक झाले, सरकण्याच्या खोबणीत धूळ बसली, की ओढ कमी-जास्त होते. नळी पुरेशी पुढे गेली नाही तर पुंगळी अडकते. बर्लिनमधील उत्पादन काही वर्षांतच आटोपले. त्यांपैकी काही पिस्तुले न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या वॉर्नर कंपनीमार्फत अमेरिकेत विकली गेली.

१९०८ हेच वर्ष जपानमधील अशाच एका पिस्तुलाच्या नावाशी जोडलेले आहे. हिनो कुमाझो हा लष्करी अधिकारी आणि त्याचा सहकारी कोमुरो यांच्या या रचनेत नळी आधीच पुढे ओढून अडकवून ठेवावी लागे. चाप ओढला की ती स्प्रिंगच्या जोराने मागे येई, वाटेत काडतूस घेई आणि ते स्थिर टाचणीवर नेऊन आपटी. बार उडताच नळी पुन्हा पुढे. पिस्तुलाचा सर्वांत जड भाग नेम धरल्यानंतर आणि बार होण्यापूर्वी हातात धावू लागतो, हे नेमबाजाच्या दृष्टीने किती गैरसोयीचे ते सांगावयास नको. हिनोचे नाव पिस्तुलामुळे फारसे राहिले नाही. डिसेंबर १९१० मध्ये तोक्यो येथील योयोगी मैदानावर जपानमधील पहिली विमानोड्डाणे झाली, तेव्हा तोकुगावा योशितोशी याच्याबरोबरचा दुसरा वैमानिक हाच हिनो होता, आणि जपानच्या इतिहासात तो त्यासाठी ओळखला जातो.

पुढे जाणारी नळी खिशातून हद्दपार झाली. पण तिची कल्पना मेली नाही. जपानच्या सैन्याने १९९६ मध्ये स्वीकारलेले ४० मिलिमीटरचे स्वयंचलित ग्रेनेड-क्षेपक याच तत्त्वावर चालते. ते माणसाच्या तळहातावर नव्हे, तिवईवर किंवा वाहनावर बसविलेले असते. तेथे होडी पुरेशी जड आहे.